थॅलेसेमियाग्रस्त बालकाच्या कुटुंबाचे साहाय्य (इंदूर)

बीटा थॅलेसेमिया मेजर या आनुवंशिक रक्तविकाराने आजारी असलेल्या मुलाच्या घराला रक्त, औषधे, पैसा, वेळ आणि मनोधैर्य या बाबतींत दीर्घकाळ दिला जाणारा आधार. प्रस्तुत नोंदीत इंदूर शहर व तेथील मराठी कुटुंबे यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे. पुष्कळशा आजारांत मदतीची गरज एकदम उसळते व पुढे ओसरते; येथे ती दर दोन ते चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, जवळजवळ त्याच प्रमाणात परत येते. त्यामुळे अशा कुटुंबाला एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीपेक्षा ठरलेल्या दिवशी न चुकता येणारा माणूस अधिक उपयोगी पडतो.

नाव व उगम : डेट्रॉइट येथील बालरोगतज्ज्ञ टॉमस कूली यांनी १९२५ मध्ये प्लीहावृद्धी व हाडांतील विशिष्ट बदल असलेल्या बालकांच्या पांडुरोगाचे (रक्तक्षयाचे) वर्णन केले. त्यावरून ‘कूली पांडुरोग’ हे नाव रूढ झाले. समुद्र व रक्त या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनलेली ‘थॅलेसेमिया’ ही संज्ञा जॉर्ज व्हिपल व ब्रॅडफर्ड यांची असून तिचे वर्ष बहुधा १९३२ दिले जाते. तथापि शोधनिबंधाच्या शीर्षकात ती १९३६ मध्ये आलेली दिसते, म्हणून तिच्या प्रसाराचा आरंभ त्या सुमारास मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. समुद्र म्हणजे येथे भूमध्य समुद्र. पहिले रुग्ण त्या भागातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांतील असल्याने हे नाव पडले, आणि त्यातूनच हा आजार भारतात अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर (इ. स. पू. ३२७–३२५) आला, अशी एक समजूत पसरली. ती आजही ऐकू येते. जनुकीय अभ्यास तिला अनुकूल नाही. भूमध्य सागरी प्रदेशात प्राबल्याने आढळणारी उत्परिवर्तने (जनुकातील बदल) आणि भारतातील सर्वांत सामान्य उत्परिवर्तन (‘आयव्हीएस १-५’) ही वेगवेगळी आहेत. सिंधी समाजात विशेषत्वाने आढळणारा ६१९ आधारक-जोड्यांचा लोपही (जनुकाचा तेवढा तुकडा गळून जाणे) भूमध्य प्रदेशातील नव्हे. तेव्हा हा दोष निरनिराळ्या प्रदेशांत स्वतंत्रपणे उद्भवला आणि वाहकांना (सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्यांना) हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळत असल्याने टिकून राहिला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याची मांडणी जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ च्या सुमारास केली; हे शास्त्रज्ञ पुढे भारताचे नागरिक झाले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. भारतातील पहिल्या रुग्णाचे वर्णन १९३८ मध्ये कोलकात्याहून मुखर्जी यांनी प्रसिद्ध केले, असे सामान्यतः मानतात. उगमाचा हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. ‘हा आजार परका आहे, आपल्यात नसतो’ या समजुतीमुळे निदानास उशीर होतो.

आजाराचे स्वरूप : अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की पुरेसे हीमोग्लोबिन तयार होत नाही. सहा महिने ते दोन वर्षे या वयात मूल फिके पडू लागते, दूध सोडते, पोट फुगते. त्यानंतर आयुष्यभर रक्त द्यावे लागते. रक्त देण्यापूर्वीचे हीमोग्लोबिन दर डेसिलिटरला ९.५ ते १०.५ ग्रॅमच्या आसपास राखले, तर मुलाची वाढ बरीचशी नीट होते. ते वारंवार खाली गेल्यास अस्थिमज्जा फुगून कपाळ व गालांची हाडे पुढे येतात आणि शाळेतल्या चिडवण्याला तोंड द्यावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीर मात्र दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम बाहेर टाकू शकते. उरलेले लोह यकृत, अंतःस्रावी ग्रंथी व हृदय यांत साचते. हृदयात साचलेले लोह हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरत आले आहे.

रक्ताची तजवीज : दर तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली तरी वर्षाला सतरा पिशव्या होतात. ‘आईबाप आहेत ना रक्त द्यायला’ असे शेजारी सहज म्हणून जातात. पण हे आईबापच पुष्कळदा रक्तदानास अपात्र असतात. दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतात, वाहकाचे हीमोग्लोबिन किंचित कमी असते आणि दात्याला किमान १२.५ ग्रॅम हीमोग्लोबिनची अट आहे. शिवाय पुढे भावंडाची किंवा पालकाची अस्थिमज्जा घ्यायची वेळ आल्यास प्रतिरोपण नाकारले जाण्याचा धोका वाढू नये, म्हणून जवळच्या नातलगांचे रक्त टाळण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे रक्त घराबाहेरूनच यायला हवे. पुरुषाला ९० व स्त्रीला १२० दिवसांनंतर पुन्हा रक्तदान करता येते. हे ध्यानात घेता आठ-दहा दात्यांनी वर्षातून दोनदा नेमाने रक्त दिल्यास एका मुलाची गरज भागते. हे रक्त त्याच मुलाच्या गटाचे असलेच पाहिजे असे नाही, रक्तपेढीतून त्याच्या गटाची पिशवी मिळते. सुरुवातीलाच विस्तारित रक्तगट-तपासणी (आरएचचे उपगट व केल) करून ठेवणे हिताचे असते, कारण एकदा परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) निर्माण झाली की जुळणारे रक्त मिळणे अवघड होते.

शिबिरांचे वेळापत्रक हा यातील दुर्लक्षित भाग होय. तांबड्या पेशी साठवणीत ३५ ते ४२ दिवस टिकतात. थॅलेसेमियाच्या मुलांना त्यातल्या त्यात ताज्या, शक्यतो दोन आठवड्यांच्या आतल्या पेशी दिल्या जातात. जयंत्या व उत्सव यांच्या दिवशी एकदम शेकडो पिशव्या जमा होऊन पुढील महिना कोरडा गेला, तर या मुलांना त्याचा फारसा लाभ होत नाही. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, लोक लग्नांना किंवा गावी गेलेले असतात. अहिल्याबाई होळकर यांची जयंती (३१ मे) नेमकी या टंचाईच्या काळात येते, ही गोष्ट इंदुरातील मंडळांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

घरातील काळजी : ‘रक्त चढवायला’ नेणे हा आजाराचा दिसणारा भाग, लोह काढण्याची औषधे हा रोजचा. डिफेरॉक्सामाइन हे औषध छोट्या पंपाने पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली रात्री आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागते. पुढे डिफेरिप्रोन व डिफेरासिरॉक्स ही तोंडाने घ्यायची औषधे आल्यावर घरांतील रात्री पुष्कळ सुकर झाल्या. डिफेरिप्रोनने लघवीला तांबूस रंग येतो, त्याने घाबरू नये. मात्र हे औषध चालू असताना ताप आल्यास ते थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घेणे अत्यावश्यक असते. ही माहिती आईइतकीच आजी, काकू व शिक्षिका यांनाही असावी. रक्त कमी म्हटले की अळीव, खजूर, गूळ, लोखंडी कढईतली भाजी आणि लोहाचे टॉनिक सुचवणे हा आपल्याकडचा आपुलकीचा रिवाज आहे. या मुलांना मात्र लोहाचे टॉनिक अपायकारक ठरते आणि प्रत्येक घासाबद्दल आईला ऐकवलेला उपदेश तिला केवळ थकवतो. त्यापेक्षा रुग्णालयाच्या दिवशी धाकट्या भावंडाला शाळेतून आणणारी, डबा पोहोचवणारी शेजारीण मोलाची.

इंदुरातील सोयी : महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय (१९४८, पूर्वपीठिका १८७८ च्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते) व त्याला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय, बोलण्यात ‘एमवाय’, हे शासकीय उपचारांचे केंद्र आहे. तेथे २०१८ मध्ये अस्थिमज्जा प्रतिरोपण सुरू झाले. पूर्ण जुळणारे सख्खे भावंड असण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारात एक असते. अशा प्रतिरोपणासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून (२०१७) निवडक रुग्णालयांत दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलेसेमियाचा समावेश आहे. धार, झाबुआ, अलीराजपूर येथील कुटुंबेही इंदुरास येतात. त्या पट्ट्यात दात्रपेशी विकार (सिकल सेल, हाही हीमोग्लोबिनचा आनुवंशिक विकार) अधिक असून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सुरू झाली.

दोष व तपासणी : ‘कोणाच्या घराण्यातून आले’ हा प्रश्न निदानानंतर लवकरच घरात शिरतो आणि बहुधा सुनेकडे वळतो. दोष दोन्ही बाजूंनी समसमान आलेला असतो. एका बाजूने आलेल्या दोषाने मूल केवळ वाहक होते. हे वाक्य डॉक्टरांनी पतिपत्नींसह सासू-सासऱ्यांसमोर स्पष्टपणे उच्चारावे, इतके त्याचे महत्त्व आहे. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आधीचे मूल आजारी आहे म्हणून पुढचे सुटत नाही, आणि पुढच्या गर्भारपणात दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास जरायु-अंकुरांची (वारेतील ऊतींची) तपासणी करून निदान करता येते. मुलाच्या काका, आत्या, मामा व मावशी यांची तसेच त्यांच्या लग्नाच्या वयातील मुलांची हीमोग्लोबिन ए२ तपासणी करावी. पत्रिका जुळवण्याआधी होणारी ही चाचणी स्वस्त आहे. हीमोग्लोबिन ए२ चे प्रमाण साडेतीन ते चार टक्क्यांच्या वर असल्यास व्यक्ती वाहक समजली जाते. मात्र लोहाची कमतरता असल्यास हा आकडा खोटा कमी दिसू शकतो, म्हणून सीमारेषेवरील अहवालात लोहाची कमतरता आधी भरून काढून चाचणी पुन्हा करतात.