माहान एअर

इराणमधील एक मोठी खासगी विमान कंपनी. स्थापना १९९१ मध्ये केरमान शहरात. उड्डाणांना सुरुवात १९९२ मध्ये. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा मुख्य तळ तेहरानचा इमाम खोमेनी विमानतळ, तर देशांतर्गत उड्डाणांचा मेहराबाद. अमेरिकेने १२ ऑक्टोबर २०११ रोजी या कंपनीला थेट निर्बंधांच्या यादीत घातले. या यादीत नाव गेलेल्या कंपनीशी व्यवहार करणे म्हणजे अमेरिकी बाजारपेठेची दारे स्वतःसाठी बंद करून घेणे. त्यामुळे अशी कंपनी वर्षभरात बसेल, असा सर्वसाधारण अंदाज असतो. माहानच्या बाबतीत उलटे घडले. निर्बंधांच्या काळातच तिच्याकडे लांब पल्ल्याची विमाने आली, ताफा पन्नासच्या पुढे गेला आणि सरकारी ‘इराण एअर’ला तिने मागे टाकले. निर्बंधांखाली विमान कंपनी कशी वाढते आणि त्या वाढीची किंमत कोण मोजतो, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

मराठी वृत्तपत्रांत हे नाव अनेकदा ‘महान एअर’ असे छापले जाते, पण आपल्या ‘महान’शी त्याचा संबंध नाही. केरमानच्या आग्नेयेला सुमारे ३५ किलोमीटरवर माहान नावाचे गाव आहे, त्यावरून हे नाव आले. सूफी संत शाह नेमतुल्लाह वली यांची समाधी याच गावात आहे. ही समाधी १४३६ मध्ये पहिल्यांदा बांधवली ती बहमनी सुलतान अहमदशहा याने. म्हणजे ज्या राज्याचा आरंभ १३४७ मध्ये दौलताबादेत झाला, त्याच राज्याच्या पैशातून. संताचा नातू आणि पुढे मुलगा खलीलुल्लाह बीदरला आले. खलीलुल्लाहची चौखंडी, म्हणजे त्याची समाधी, तिथे आजही उभी आहे. विमान कंपनीच्या नोंदीत हे विषयांतर वाटेल, पण दख्खनच्या वाचकाला हे नाव परके वाटू नये म्हणून ते इथे नोंदवले आहे.

माहानला ‘खासगी’ म्हणताना थोडे थांबावे लागते. कंपनीची मालकी केरमानच्या ‘मोलल्मोवहेदीन’ या धर्मादाय संस्थेकडे आहे. इराणमध्ये अशा संस्थांचे जाळे मोठे आहे. त्या सरकारी नाहीत, पण सत्तेपासून दूरही नाहीत. शेअर बाजारात भांडवल उभारणारी, भागधारकांना उत्तर देणारी कंपनी असा खासगीचा अर्थ घेतला, तर माहान त्यात बसत नाही. ती सरकारी खात्याचा भाग नाही, एवढाच तिचा खासगीपणा. तरी हा फरक किरकोळ नाही. सरकारी कंपनीला ज्या वाटेने जाता येत नाही, त्या वाटेने खासगी कंपनीला जाता येते.

निर्बंधांची गोष्ट माहानच्या जन्माआधीची आहे. १९७९ च्या क्रांतीनंतर आणि तेहरानमधील अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेल्यानंतर इराणला अमेरिकी विमाने व त्यांचे भाग मिळणे अवघड होत गेले. १९९५ मध्ये अमेरिकेने जवळपास संपूर्ण व्यापारबंदी लागू केली. मग युरोपची एअरबस का घेता येत नव्हती? याचे उत्तर एका छोट्या आकड्यात आहे. कोणत्याही देशात बनलेल्या वस्तूत मूल्याने १० टक्क्यांहून अधिक अमेरिकी भाग असतील, तर ती इराणला पाठवण्यासाठी अमेरिकेचा परवाना लागतो. आधुनिक प्रवासी विमानाची इंजिने, इलेक्ट्रॉनिक्स आणि इतर यंत्रणा पाहिल्या, तर या रेषेच्या आत राहणारे पाश्चात्त्य विमान जवळजवळ सापडत नाही. त्यामुळे फ्रान्समधील तुलूझच्या एअरबस कारखान्यात जुळणी झालेल्या विमानाची चावी वॉशिंग्टनच्या हाती राहिली.

नव्वदच्या दशकात माहानने तुपोलेव्ह टीयू-१५४ सारखी सोव्हिएत विमाने चालवली. सोव्हिएत संघ नुकताच कोसळला होता आणि अशी विमाने भाड्याने सहज मिळत होती. पुढे वापरलेल्या एअरबस ए-३०० आणि ए-३१० आल्या. देशांतर्गत मार्गांबरोबर आखाती देश, दिल्ली, बँकॉक आणि युरोप असे जाळे विणले जाऊ लागले.

कंपनीच्या पद्धतीचा पहिला मोठा उलगडा झाला तो बोइंग ७४७ च्या प्रकरणात. ब्रिटनच्या बॅली समूहाने आर्मेनियाच्या ‘ब्लू एअरवेज’च्या आडून अमेरिकी बनावटीची तीन ७४७ विमाने मिळवली आणि ती परवान्याशिवाय माहानच्या सेवेत गेली. मार्च २००८ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने या तिन्ही कंपन्यांवर तात्पुरती निर्यातबंदी लादली. माहानपुरता हा ‘तात्पुरता’ आदेश तेव्हापासून पुन्हापुन्हा नव्याने काढला जात आला आहे. बॅलीच्या विमान कंपनीने २०१० मध्ये गुन्हा कबूल केला. फौजदारी दंड आणि दिवाणी तडजोड मिळून रक्कम १ कोटी ७० लाख डॉलर झाली. याच विमानांच्या मालकीवरून लंडनच्या उच्च न्यायालयात चाललेला खटलाही गाजला. विमान एका देशात नोंदलेले, दुसऱ्या देशात उभे आणि कर्ज तिसऱ्या देशातले, तर गहाणखताला कायदा कोणाचा लागू, हा त्यातला प्रश्न. कायद्याचे विद्यार्थी आजही तो अभ्यासतात.

२०११ च्या निर्बंधांचे कारण वेगळे होते. इराणच्या क्रांतिरक्षक दलाच्या, परदेशातील कारवाया पाहणाऱ्या कुद्स फौजेची माणसे, शस्त्रे आणि पैसा माहानच्या विमानांतून नेला जातो, असा आरोप अमेरिकेच्या अर्थखात्याने केला. वॉशिंग्टनमधील सौदी राजदूताच्या हत्येचा कथित कट आदल्याच दिवशी जाहीर झाला होता. पुढे सीरियातील युद्धाच्या काळात दमास्कसच्या फेऱ्यांवरून हा आरोप अधिक धारदार झाला. इराणने असे आरोप वेळोवेळी फेटाळले आहेत. मे २०१३ मध्ये कंपनीचे प्रमुख हमीद अरबनेजाद यांचे नावही यादीत गेले.

खरे नाट्य २०१५ चे आहे. इराणने अणुकार्यक्रमाला मर्यादा घालायच्या आणि बदल्यात निर्बंध सैल व्हायचे, अशा अणुकराराच्या व्हिएन्नातील वाटाघाटी अखेरच्या टप्प्यात होत्या आणि मे महिन्यात माहानच्या ताफ्यात एकदम नऊ वापरलेली विमाने दाखल झाली. त्यांत बहुतेक लांब पल्ल्याच्या ए-३४० होत्या. व्हर्जिन अटलांटिकच्या सेवेतून निवृत्त झालेली ए-३४०-६०० जातीची काही विमानेही त्यांत होती. कागदोपत्री खरेदीदार होती इराकची ‘अल-नासेर एअरलाइन्स’. अमेरिकेने काही दिवसांतच त्या कंपनीवर निर्बंध घातले, पण विमाने तोवर तेहरानला उतरली होती. उतरलेले विमान परत नेता येत नाही. ही साधी गोष्टच या सगळ्या व्यवहाराचा पाया आहे. सौदा उघड होईपर्यंतचा वेळ मिळवायचा, नंतर जी कंपनी यादीत जाईल ती नाहीतरी त्या एका सौद्यापुरतीच असते.

दोनच महिन्यांनी, जुलै २०१५ मध्ये, करार झाला. जानेवारी २०१६ मध्ये इराण एअरचे नाव यादीतून निघाले, माहानचे राहिले. इराण एअरने एअरबसकडून १०० आणि बोइंगकडून ८० विमाने घेण्याचे करार केले, तेहरानमध्ये आनंद झाला. मे २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली, तोवर इराण एअरच्या हाती आली फक्त तीन एअरबस आणि आठ छोटी एटीआर विमाने; निर्बंध पुन्हा लागू होण्याआधी ऑगस्टमध्ये आणखी पाच एटीआर आली. बोइंगचे एकही नाही. वैध मार्गाने रांगेत उभ्या राहिलेल्या कंपनीच्या हाती थोडेच लागले आणि आडमार्गाने गेलेली कंपनी ए-३४० घेऊन युरोपला उडत राहिली. निर्बंधांचा हेतू काहीही असो, बाजारात त्यांनी बक्षीस कोणाला दिले हे या दोन ताफ्यांकडे पाहून कळते. माझ्या मते माहानच्या वाढीचे गमक इथेच आहे. इतर कंपन्या सेवा, दर आणि वेळापत्रकावर एकमेकींशी झुंजतात. माहानचे खरे कौशल्य विमान घरी आणण्याचे होते.

ही विमाने चार इंजिनांची का असतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. दोन इंजिनांची लांब पल्ल्याची विमाने आल्यावर ए-३४० जगभरच्या कंपन्यांना इंधनाच्या खर्चामुळे परवडेना. ती वाळवंटातल्या तळांवर ओळीने उभी राहिली आणि त्यांची किंमत घसरली. इराणमध्ये इंधन स्वस्त आहे. बाहेर तोट्यात जाणारे विमान तिथे चालवता येते. माहानने घेतलेली छोटी बीएई-१४६ विमानेही चार इंजिनांचीच. जगाने बाजूला सारलेल्या यंत्रांवर ही कंपनी उभी राहिली आहे.

अशी विमाने चालती ठेवणे मात्र सोपे नाही. निर्माता कंपनी मदत करत नाही, सुटे भाग थेट मिळत नाहीत, मोठ्या तपासणीसाठी विमान जर्मनीला पाठवता येत नाही. त्यामुळे विमान पूर्ण उलगडून करायची तपासणी इराणी अभियंत्यांनी देशातच करायला घेतली. एका विमानाला उभे ठेवून त्याचे भाग दुसऱ्याला बसवायचे, ही तर रोजची रीत. या माणसांच्या कसबाबद्दल आदर वाटतो आणि त्याच वेळी त्यांच्यावर ही पाळी यावी याचे वाईटही वाटते. ऑक्टोबर २०१५ मध्ये मेहराबादहून बंदर अब्बासला निघालेल्या माहानच्या बोइंग ७४७ चे एक इंजिन उड्डाणानंतर लगेच फुटले. वैमानिकांनी विमान सुखरूप परत उतरवले. आत बसलेल्या प्रवाशांचा ना कुद्स फौजेशी संबंध होता, ना अणुकराराशी.

२०१८ नंतर अमेरिकेने पवित्रा बदलला. विमानांऐवजी कंपनीच्या भोवतालची माणसे लक्ष्य झाली. मलेशिया, थायलंड, संयुक्त अरब अमिराती आणि चीनमधील तिकीट व मालवाहतुकीच्या एजन्सींवर एकामागून एक निर्बंध आले. विमानाला परदेशी विमानतळावर तिकीट विकणारा, सामान चढवणारा, इंधन भरणारा कोणीतरी लागतोच. तो माणूस घाबरला की मार्ग आपोआप आटतो. युरोपची दारेही बंद होत गेली. जर्मनीने जानेवारी २०१९ मध्ये परवानगी काढून घेतली, त्याच वर्षी फ्रान्स आणि इटलीने, २०२० मध्ये स्पेननेही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाला शस्त्रे पुरवण्याच्या आरोपावरून युरोपीय संघाने माहानला स्वतःच्या यादीत घातले. कंपनीचे तोंड मग पूर्वेला आणि उत्तरेला वळले: चीन, रशिया, भारत, तुर्कस्तान, आखात. २०२० मध्ये तिची विमाने तेलशुद्धीकरणाचे साहित्य घेऊन थेट व्हेनेझुएलापर्यंत गेली.

व्हेनेझुएलाच्या या नात्याची एक शाखा दूरवर पोचली. माहानचे एक जुने मालवाहू ७४७ व्हेनेझुएलाच्या ‘एम्ट्रासुर’ या मालवाहतूक कंपनीकडे गेले आणि जून २०२२ मध्ये ते अर्जेंटिनात अडकले. ब्वेनोस आइरेसच्या एझेइझा विमानतळावर ते दीड वर्षाहून अधिक काळ उभे होते; फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेने ते फ्लोरिडाला नेले आणि तिथे ते मोडीत काढले. विक्री झाली तरी मूळ निर्यातबंदी विमानाला चिकटून राहते, ही अमेरिकेची भूमिका होती.

प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर माहान ही इराणी माणसाची घर आणि जग यांच्यातली दोरी आहे. बाहेर शिकणारी मुले, उपचारांना जाणारे रुग्ण, यात्रेकरू, दुबईला जा-ये करणारे छोटे व्यापारी तिच्यातून जातात. या दोरीला धोका आकाशातही असतो. जुलै २०२० मध्ये तेहरानहून बैरुतला जाणाऱ्या माहानच्या ए-३१० जवळ सीरियावर अमेरिकी एफ-१५ विमाने आली. वैमानिकाने उंची एकदम बदलली आणि काही प्रवासी जखमी झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेहरानहून ग्वांगझूला निघालेल्या विमानात बॉम्ब असल्याची धमकी ते भारतीय हद्दीत असताना मिळाली. भारतीय हवाई दलाची सुखोई-३० विमाने सोबतीला उडाली. जयपूर किंवा चंदीगडला उतरण्याचा पर्याय वैमानिकाने नाकारला आणि विमान चीनला सुखरूप पोचले.

भारताला या कंपनीची गरज जून २०२५ मध्ये लागली. इस्रायल-इराण युद्धामुळे इराणचे आकाश बंद होते. भारताच्या ‘ऑपरेशन सिंधू’साठी इराणने ते खास उघडले आणि मशहदहून भारतीयांना घेऊन माहानची विमाने दिल्लीला आली. २० जूनच्या रात्री उतरलेल्या पहिल्या विमानात २९० जण होते, बहुतेक काश्मीरमधील वैद्यकीय विद्यार्थी. ज्या विमानांना युरोपात उतरायची मुभा नव्हती, त्यांनीच ही मुले घरी पोचवली.

पुढच्याच महिन्यात आणखी पाच विमाने इराणात उतरली. बोइंग ७७७-२०० ईआर, आधी सिंगापूर एअरलाइन्सची आणि नंतर बंद पडलेल्या थायलंडच्या ‘नोकस्कूट’ची. ती चीनमधून कंबोडियातील सिएम रीपला नेली गेली होती आणि शेपटीवर मादागास्करची तात्पुरती नोंदणी होती. ती माहानसाठी असल्याचे सांगितले गेले. मादागास्करमध्ये त्या नोंदणीची चौकशी सुरू झाली तेव्हा विमाने इराणच्या धावपट्ट्यांवर उभी होती.