ब्राउनी कच्ची राहिली असं वाटतंय? परत ओव्हनमध्ये घालण्याआधी हे वाचा

आमच्याकडून कुकिंग चॉकलेट, कोको पावडर किंवा मोजून भरलेली ब्राउनीची पुडी नेली की दोन-चार दिवसांत बऱ्याच जणांचा फोन येतो. काही म्हणतात, ब्राउनी मधे कच्चीच राहिली. काही म्हणतात, दगड झाली, सुरी आत जाईना. दोन्ही तक्रारी ऐकायला उलट्या वाटतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. दिवसातून तेच चार-पाच वेळा समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक छापलं. पुडीबरोबर घरी न्या आणि फ्रिजवर लावून ठेवा.

आपण सगळे केक करायला शिकलो ते रव्याच्या नाहीतर मैद्याच्या केकवर. त्यात आईने, मावशीने एक गोष्ट पक्की शिकवली: सुरी घालून बघायची, स्वच्छ बाहेर आली की केक झाला. केकसाठी हे शंभर टक्के बरोबर आहे. ब्राउनीला हाच नियम लावला की घोटाळा होतो. सुरी स्वच्छ येईपर्यंत ब्राउनी भाजली तर ती तेव्हाच वाळलेली असते, आणि थंड झाल्यावर कडक होते.

त्याचं कारण साधं आहे. ब्राउनीत मैदा थोडा आणि लोणी, चॉकलेट, साखर भरपूर. ओव्हनमधून काढताना हे लोणी आणि चॉकलेट पूर्ण पातळ असतं, त्यामुळे टूथपिकला ओलं लागणारच. ते कच्चं पीठ नसतं, वितळलेलं चॉकलेट असतं. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानापेक्षाही थोडं कमी. टिन हाताला कोमट लागेपर्यंत ते आवळून यायला सुरुवातही होत नाही. त्यात टिन बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेवर ब्राउनी आणखी दहा मिनिटं शिजत राहते.

ओल्या नारळाची वडी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मिश्रण कडेने सुटून गोळा व्हायला लागलं की आपण ताटात थापतो. तेव्हा ते मऊच असतं, थापून गार झालं की वडी पडते. कढईतच घट्ट करायला गेलं तर थापताना भुगा होतो. ब्राउनीचं अगदी तसंच आहे. ती घट्ट व्हायची ओव्हनमध्ये नाही, ओट्यावर.

मागच्या पावसाळ्यात रात्री शटर ओढायच्या वेळी एक ताई स्कूटरवरून आल्या. पायाशी पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला गरम टिन. म्हणाल्या, चॉकलेट खराब दिलंत, बावीस मिनिटं झाली तरी आत चिखल आहे. मी टूथपिक घातली. तिला ओलसर चुरा चिकटून आला, पीठ ओघळलं नाही. त्यांना म्हटलं, बसा, चहा घ्या, टिनला हात लावू नका. आम्ही हिशेब केला, त्यांनी चहा घेतला, पाऊण तास गेला. मग कागदाची दोन टोकं धरून ब्राउनी उचलली आणि कापली. कडा नीट, वर कागदासारखी पातळ पापडी, आत ओलसर आणि दाट. त्यांनी उभ्या उभ्या दोन तुकडे खाल्ले. त्या रात्री ती ब्राउनी घरी परत ओव्हनमध्ये गेली असती तर सकाळी माझ्या काउंटरवर दगड म्हणून आली असती.

झाली हे ओळखायचं कसं

टूथपिक अगदी मधे न घालता कडेपासून दोन इंच आत घाला. टूथपिकवरून पातळ, चकचकीत पीठ ओघळत असेल तर कच्ची आहे, तीन मिनिटं आणखी द्या. ओलसर, जाडसर चुरा चिकटून आला तर झाली, लगेच बाहेर काढा. काहीच चिकटलं नाही तर उशीर झाला. टिन सांडशीत धरून हलकेच हलवून बघा. मधला भाग पाण्यासारखा डचमळत असेल तर थांबा, नुसता किंचित थरथरत असेल तर चालेल. कडा टिनपासून जराशा सुटायला लागलेल्या दिसतात आणि वरची चमक जाऊन बारीक तडे येतात.

एक विनंती: झाल्यावर ओव्हन बंद करून ब्राउनी आतच ठेवू नका. असं करणारे फार आहेत. बंद ओव्हनही बराच वेळ तापलेला असतो आणि ब्राउनी त्यात भाजतच राहते.

साध्या दिवशी संध्याकाळी जमवायचं वेळापत्रक

ब्राउनीला रविवारच हवा असं नाही. आम्ही ग्राहकांना सांगतो तो बेत असा. पावणेआठला ओव्हन १८० अंशांवर तापायला लावा, वरखाली दोन्ही रॉड चालू ठेवून. एकीकडे १०० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे एका भांड्यात घेऊन उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वितळवा. पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका, एवढ्यानेही चॉकलेटच्या गुठळ्या होतात. खाली उतरवून बोट सहज टिकेल इतकं कोमट होऊ द्या. दुसऱ्या भांड्यात २ अंडी आणि १५० ग्रॅम बारीक साखर दोन मिनिटं चांगली फेटा. वरची चकचकीत पापडी हवी असेल तर इथे आळस करू नका, कारण ती साखर अंड्यात नीट विरघळल्यामुळे येते. आपली नेहमीची जाड साखर असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या. आता चॉकलेट अंड्यात ओता, त्यावर ६० ग्रॅम मैदा आणि २० ग्रॅम कोको पावडर चाळून घाला आणि पांढरं दिसायचं थांबलं की ढवळणंही थांबवा. जास्त घोटलं की ब्राउनी चिवट होते.

आठच्या सुमारास टिन आत गेला पाहिजे. अठराव्या मिनिटाला पहिल्यांदा बघा, बहुतेक घरी वीस ते बावीस मिनिटांत होते. साडेआठला पानं घ्या, जेवा, भांडी आवरा. साडेनऊला ब्राउनी कापा. जेवणाचा वेळ हाच ब्राउनीचा गार व्हायचा वेळ, म्हणून मुद्दाम जेवणाआधी काढायला सांगतो. जेवणानंतर काढली की मुलं ताटकळतात आणि मग गरम असतानाच सुरी चालते. फारच घाई असेल तर पंधरा मिनिटं ओट्यावर आणि मग वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. दुसऱ्या दिवशी डब्यात द्यायची असेल तर रात्री कापूच नका, सकाळी जास्त नीट कापली जाते आणि चवही मुरलेली असते.

पिवळं खारट लोणी वापरत असाल तर वरून मीठ घालू नका. साजूक तूप चालतं का, हा नेहमीचा प्रश्न. चालतं, पण ८० ग्रॅम घ्या आणि दोन चमचे दूध घाला. तुपात लोण्याइतकं पाणी नसतं, सरळ १०० ग्रॅम घातलं तर ब्राउनीला तेल सुटतं.

टिन, ओव्हन, कुकर

वर दिलेलं प्रमाण ७ इंची चौकोनी टिनचं आहे. घरात ८ इंची गोल केक टिन असेल तर नवा टिन घेऊ नका. दोघांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखं आहे, वेळही तोच. मात्र ९ इंची चौकोनी टिनमध्ये हेच मिश्रण ओतलं तर थर पातळ होतो आणि पंधराव्या मिनिटाच्या आतच बघावं लागतं. काचेचा टिन उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. त्यात भाजत असाल तर दोन मिनिटं आधी काढा.

लहान ओटीजीत वरचा रॉड टिनच्या फार जवळ येतो. दहाव्या मिनिटाला वर रंग चढायला लागला तर फॉइल सैल झाका. बटणावरचे आकडे आणि आतलं तापमान यांत वीस अंशांचा फरक आम्ही आमच्याच ओव्हनमध्ये पाहिला आहे, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर दुकानात ठेवतो. एकदा घेतला की केक, बिस्किटं, नानकटाई सगळ्याला उपयोगी पडतो. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडच वापरा. मायक्रोवेव्ह मोडमध्ये धातूचा टिन कधीच घालू नका. मधेच लाइट गेली तर दार उघडू नका. आतल्या उष्णतेवर ब्राउनी पुढे सरकत राहते. लाइट आली की आधी टूथपिकने बघा, मग ठरवा.

ओव्हन नसेल तरी अडत नाही. कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, पाणी घालू नका, तळाला मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटं तापवा. मग टिन ठेवून मंद आचेवर तीस-पस्तीस मिनिटं. वर पापडी येत नाही, पण चवीत उणं पडत नाही.

टिनला खाली कागद लावाच आणि त्याची दोन टोकं बाहेर ठेवा, म्हणजे ब्राउनी अखंड उचलता येते. साधा बटर पेपर चिकटतो, त्याला लोण्याचं बोट फिरवायला हवं. बेकिंग पेपरला मुळातच लेप असतो, तो आपोआप सुटतो. दोन्ही आमच्याकडे आहेत. महिन्यातून एकदा करणाऱ्यांनी साधा घ्यावा, बेकिंग पेपरचा मोठा रोल उगाच पडून राहतो.

आमच्या पुडीबद्दल आणि चॉकलेटबद्दल

पुडीतली ब्राउनी फुगत नाही, अशी तक्रार येते. ती फुगू नये म्हणूनच आम्ही त्यात बेकिंग पावडर घालत नाही. फुगली की जाळी पडते आणि चॉकलेटचा केक होतो. केक हवा असेल तर तसं सांगा, केकची पुडी वेगळी आहे. ब्राउनीच्या पुडीत मैदा, कोको आणि दळलेली साखर वरच्याच मापाने असते. लोणी, चॉकलेट आणि अंडी तुमची.

चॉकलेटचे दोन प्रकार ठेवतो. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती चरबी असते, त्यामुळे ते स्वस्त पडतं. दुसऱ्यात खरं कोको बटर असतं. चॉकलेटचे साचे भरायचे असतील तर खऱ्या चॉकलेटला तापमानाचा बराच खटाटोप लागतो. ब्राउनीत ते वितळवून मिसळायचंच असल्यामुळे तो खटाटोप नाही, म्हणून दोन्ही चालतात. मुलांच्या डब्यासाठी आम्ही कंपाउंडच देतो. ते जास्त गोड असतं, तेव्हा साखर १५० ऐवजी १३० ग्रॅम घ्या. पाहुण्यांसाठी करायची असेल तर मात्र खरं चॉकलेट घ्या, पहिल्या घासातच फरक कळतो.

उघडलेलं चॉकलेट आम्ही परत घेत नाही. यावरून काही जण नाराज होतात, पण एका घरातून परत आलेलं पाकीट दुसऱ्या घरी देणं आम्हाला पटत नाही. उन्हाळ्यात चॉकलेटवर येणारा पांढरट थर बुरशी नसते. चरबी वर येऊन पुन्हा गोठली की तसा दिसतो. वितळवलं की जातो, चॉकलेट बिनधास्त वापरा.

बिनअंड्याची ब्राउनी

श्रावणात आणि एरवी सोमवार-गुरुवारी हीच मागणी असते. २ अंड्यांऐवजी १२० ग्रॅम ताजं, आंबट नसलेलं दही साखरेबरोबर फेटून घ्या. इथे मात्र पाव चमचा बेकिंग पावडर लागते, कारण अंड्याचा आधार नसतो. ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं जास्त द्या. आवळून धरायला अंडं नसल्यामुळे ही ब्राउनी गरम असताना आणखी मऊ लागते, म्हणून कच्ची राहिल्याचे सगळ्यात जास्त फोन बिनअंड्याच्याच येतात. ती निदान दोन तास गार होऊ द्या, मगच सुरी लावा.

एवढं करूनही बिनसलं तर जरूर फोन करा, शक्यतो दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान. संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते, नीट बोलता येत नाही. फोन करण्याआधी तीन गोष्टी बघून ठेवा: टिन किती इंची, ओव्हन कोणत्या मोडवर होता, आणि काढल्यावर किती वेळाने कापली. जमलं तर टूथपिकचा फोटो पाठवा. ब्राउनी टिनमध्ये अजून गरम असेल तर फोनही करू नका, आधी जेवून घ्या.