जरी-टिकल्यांनी सजवलेल्या देवांच्या जुन्या तसबिरी

देवाच्या छापील चित्रावर जर (सोनेरी-चंदेरी तार), टिकल्या, मणी, मोती आणि कापडाचे तुकडे चिकटवून किंवा शिवून सजवलेल्या तसबिरींचा हा प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रंगीत शिळाछापाची (दगडावरून छापलेली) चित्रं स्वस्तात मिळायला लागली त्यानंतर तो घरोघरी पोचला. अशी चित्रं छापणारा पुण्याचा चित्रशाळा प्रेस 1878 चा, आणि राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी आणि सरस्वती तर इतकी पसरली की आजही डोळे मिटले की बहुतेकांना तीच रूपं दिसतात. ज्यांना देवळात पाऊलही टाकू देत नव्हते त्यांच्या घरातही यामुळे देव आला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

छापखान्यातून सगळ्यांना एकच चित्र मिळायचं, पण सजावट हाताची, म्हणून दोन तसबिरी कधी सारख्या नसतात. खूपदा घरातल्या बायकाच हे काम करायच्या. नीट बघितलं तर चेहरा, हात, पाय तसेच मोकळे ठेवलेले असतात आणि जर फक्त साडीवर, मुकुटावर, दागिन्यांवर असते. कारण साधं आहे, पूजेत मूर्तीला वस्त्र नि अलंकार वाहतात तेच इथे कागदावरच्या देवाला वाहिलेत, आणि दर्शन घ्यायचं तर मुखावर काही नको. म्हणून याला नुसतं डेकोरेशन म्हणणं मला पटत नाही, ही सेवाच आहे.

खुणा मात्र मूळ चित्रातल्याच. चिखलातून येऊनही निर्मळ राहणारं कमळ, लक्ष्मीजवळ सोंडेत माळ धरलेला हत्ती म्हणजे वैभव, सरस्वतीच्या हातात वीणा, पोथी आणि जपमाळ, अंगावर पांढरी साडी म्हणजे शुद्ध ज्ञान. कृष्णाचा पीतांबर पिवळ्या सॅटिनचा आणि लक्ष्मीच्या हातून पडणाऱ्या मोहरांच्या जागी एकेक सोनेरी टिकली लावलेली दिसली की करणाऱ्याला चित्र किती कळलं होतं ते समजतं.

दमट हवेत जर काळी पडते, कागदाला डाग येतात, उन्हात रंग उडतात. तरी काळी पडलेली जर काढून नवी चमकी लावू नये, त्यात मूळ हाताचं काम कायमचं जातं. काच आणि चित्र यांत थोडी जागा राहील अशी खोल फ्रेम करून उन्हापासून, ओलीच्या भिंतीपासून लांब लावावी.