प्लास्टिकात गुंडाळलेली सायकल गंजत नाही?

पावसाळ्याच्या तोंडावर हमखास फिरणारा सल्ला: सायकल प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळा, गंज चढणार नाही.

पाऊस बाहेर राहतो हे खरं, म्हणून सल्ला पटतो. पण लोखंड गंजायला पाण्याची धार लागत नाही. ओलावा आणि हवेतला प्राणवायू पुरतो. ओली सायकल गुंडाळली की तो ओलावा आतच अडकतो. रात्री प्लास्टिक गार पडतं आणि आतली वाफ थेंब होऊन साखळीवर, नटांवर बसते. कोकणात हवेतला खारटपणा हे काम आणखी लवकर करतो.

खात्री करायची तर सकाळी आच्छादनाची आतली बाजू हाताने पुसून बघा. किंवा दोन खिळे भिजवा. एक तसाच बंद पिशवीत ठेवा, दुसरा पुसून कोरडा करून उघड्यावर, पण छताखाली. काही दिवसांत फरक दिसेल.

तेव्हा आधी सायकल पुसा, साखळीला मशीनचं तेल द्या, जास्तीचं फडक्याने टिपा (राहिलं तर धूळ चिकटते). रंग उडालेल्या जागी रंगाचा हात द्या, गंजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. आच्छादन घालायचंच असेल तर सैल, खालून हवा खेळेल असं.