‘मॅजिक नॅनो’मध्ये नॅनोकण नव्हतेच

नॅनोतंत्रज्ञान घातक आहे हे सांगताना जर्मनीतल्या २००६ च्या ‘मॅजिक नॅनो’ स्प्रेचं उदाहरण आजही दिलं जातं: नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, फुप्फुसात गेले आणि माणसं आजारी पडली. माणसं आजारी पडली हे खरं. कारण मात्र चुकीचं.

काच आणि बाथरूमच्या टाइल्सवर मारायचा हा फवारा. मार्चच्या अखेरीस बाजारात आला आणि काही दिवसांतच सुमारे शंभर जणांना खोकला, धाप लागली. सहा जणांच्या फुप्फुसांत पाणी साचलं, त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. माल तातडीने परत मागवला. मे महिन्यात जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने जाहीर केलं, की त्यात नॅनोकण नव्हतेच. नावातला ‘नॅनो’ पृष्ठभागावर बसणाऱ्या अतिपातळ थरासाठी होता.

खरी मेख वायूच्या दाबाने फवारणाऱ्या नव्या डब्यात असावी. पंपाच्या बाटलीतून हेच उत्पादन आधी विकलं जायचं, तेव्हा अशा तक्रारी नव्हत्या. वायूच्या दाबाने उडणारे थेंब इतके बारीक असतात, की थेट फुप्फुसांत खोलवर पोचतात. म्हणून लेबलवर काहीही लिहिलेलं असो, बंद बाथरूममध्ये असा स्प्रे मारू नका.

खऱ्या नॅनोकणांबाबतही ते शरीरात कसे जातात हे महत्त्वाचं. सनस्क्रीनमधले ऊन अडवणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण धडधाकट त्वचेच्या वरच्या मृत थरातच राहतात. श्वासावाटे आत जाऊ शकेल अशा स्प्रेमध्ये मात्र ते नकोत, असं युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीनेही बजावलं आहे.