मोगादिशू जाहीरनामा

मोगादिशू जाहीरनामा : सोमालियाचे राष्ट्राध्यक्ष महंमद सियाद बारे यांना उद्देशून तेथील मान्यवर नागरिकांनी काढलेले जाहीर पत्र. देशातील रक्तपात थांबवावा, राजकीय कैद्यांना मुक्त करावे, दडपशाहीचे कायदे मागे घ्यावेत आणि सर्व पक्षांची राष्ट्रीय सलोखा परिषद भरवावी, अशा त्यातील मुख्य मागण्या होत्या. १५ मे १९९० रोजी राजधानी मोगादिशूमध्ये प्रसिद्ध झालेल्या या पत्रावर ११४ जणांच्या सह्या होत्या. सत्ताधाऱ्यांनीच काही कुळांना शत्रू ठरवून त्यांच्यावर सैन्य सोडलेले असताना, त्याच सत्ताधाऱ्यांना उघडपणे आणि स्वतःच्या नावानिशी थांबण्यास सांगणारे हे पत्र आफ्रिकेच्या अलीकडच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे ठरते.

सोमाली समाजाची भाषा बहुतांशी एक आणि धर्म एक असला, तरी त्याची घडण कुळांवर झालेली आहे. दारूद, हाविये, दिर, इसाक आणि दिगिल-मिरिफ्ले ही त्यांतील मोठी कुळे असून प्रत्येकाची अनेक उपकुळे आहेत. या वंशावळींच्या बाहेर किंवा कडेला राहिलेले समूहही थोडे नाहीत. जुबा आणि शबेले नद्यांच्या खोऱ्यांत शेती करणारे बांतू, किनाऱ्यावरील जुन्या शहरांत व्यापार व विणकाम करणारे बेनादिरी, तसेच चामडे कमावणारे मिदगान, लोहारकाम करणारे तुमाल आणि यिबिर यांची गणना अल्पसंख्यांत होते. त्यांपैकी कारागीर समूहांशी मोठ्या कुळांनी रोटीबेटीचा व्यवहार टाळला. भारतीय वाचकाला या वागणुकीची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

कुळाकुळांतील भांडणे ‘हेर’ नावाच्या अलिखित रूढ कायद्याने मिटवली जात. युद्धातही कोणावर शस्त्र उगारायचे नाही, याचे नियम त्यात घालून दिलेले होते आणि स्त्रिया, मुले, वृद्ध, आजारी, पाहुणे, धर्मपुरुष व शांततेची बोलणी करायला निघालेले ज्येष्ठ यांना अभय होते. हिंसा हाताबाहेर जाऊ लागली की ज्येष्ठांचे शिष्टमंडळ समोरच्या कुळाकडे जाई, झाडाखाली दिवस-दिवस बैठक चाले आणि मारल्या गेलेल्यांबद्दलची भरपाई उंटांच्या संख्येत ठरे. १९९० चे पत्र टंकलिखित होते आणि त्याची भाषा संविधान व निवडणुकांची होती, तरीही त्यामागे हीच जुनी रीत होती. फरक इतकाच की, या वेळी समोरच्या पक्षापाशी विमाने आणि तुरुंग होते.

बारे यांनी २१ ऑक्टोबर १९६९ रोजी लष्करी उठावाने सत्ता घेतली. सुरुवातीच्या काळात त्यांनी कुळाचा उल्लेख करण्यावरच बंदी घातली आणि कुळव्यवस्थेच्या प्रतिमा जाहीरपणे पुरण्याचे कार्यक्रम केले. मात्र त्यांच्या सत्तेचा आधार त्यांचे स्वतःचे मारेहान, आईचे ओगादेन आणि एका जावयाचे धुलबहांते या दारूदांच्या तीन उपकुळांवर होता, हे लोक जाणून होते. १९७७-७८ मध्ये ओगादेन प्रदेशासाठी इथिओपियाशी झालेल्या ओगादेन युद्धात सोमालियाचा पराभव झाला, त्यानंतर लगेच एप्रिल १९७८ मध्ये काही अधिकाऱ्यांनी उठावाचा फसलेला प्रयत्न केला. त्यांत माजेरतेन कुळाचे अधिकारी अधिक असल्यामुळे सगळ्या कुळालाच शिक्षा देण्यात आली. मुदुग भागात पावसाचे पाणी साठवण्यासाठी जमिनीत खणून सिमेंटने लिंपलेल्या टाक्या असतात, त्यांना बर्केद म्हणतात. कोरड्या महिन्यांत माणसे आणि जनावरे त्यांच्यावरच जगतात. बारे यांच्या लाल टोपीवाल्या विशेष दलाने त्या फोडून टाकल्या. पाण्यावाचून माणसे मेली आणि कळपच्या कळप संपले. एका कटाचा सूड कुळातील धनगरांवर उगवण्याची ही पद्धत पुढच्या दशकात उत्तरेकडील इसाक कुळाविरुद्ध फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

इसाकांची तक्रार जुनी होती. ओगादेन युद्धानंतर आलेले लाखो निर्वासित त्यांच्या प्रदेशात वसवले गेले आणि प्रशासन व व्यापार-परवाने हळूहळू त्यांच्या हातून गेले. १९८१ मध्ये लंडन येथे सोमाली राष्ट्रीय चळवळ ही सशस्त्र विरोधी संघटना स्थापन झाली. त्याच सुमारास हर्गेसा शहरातील काही तरुण डॉक्टर आणि शिक्षकांनी तेथील मोडकळीस आलेले सरकारी रुग्णालय वर्गणी काढून आणि अंगमेहनतीने सुधारायला घेतले होते. सरकारने त्यांना देशद्रोही ठरवून अटक केली. फेब्रुवारी १९८२ मध्ये त्यांच्या खटल्याच्या वेळी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. रुग्णालय झाडून-पुसून चालू करणे हा गुन्हा ठरतो, तेथे अर्ज-विनंत्यांना किती जागा उरते, हे उत्तरेतील लोकांनी त्याच वर्षी ओळखले.

बारे यांचे आणखी एक जावई आणि उत्तर विभागाचे लष्करप्रमुख जनरल मोहम्मद सईद हेर्सी ‘मॉर्गन’ यांनी १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्षांना एक अहवाल पाठवला. इसाक ‘समस्ये’चा कायमचा निकाल लावण्याचे उपाय त्यात सुचवले होते. हा अहवाल बाहेर फुटला आणि ‘मृत्यूचे पत्र’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यानंतर तीन वर्षांनी आलेला मोगादिशू जाहीरनामा त्याच एका माणसाला उद्देशून होता, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तर त्या राजवटीने कोणाचे ऐकले हे निराळे सांगावे लागत नाही.

मे १९८८ च्या अखेरीस सोमाली राष्ट्रीय चळवळीने बुराओ आणि हर्गेसा या शहरांवर हल्ला केला. सैन्याने प्रत्युत्तर म्हणून या शहरांवर तोफा आणि विमाने चालवली. हर्गेसावर बाँब टाकणारी विमाने हर्गेसाच्याच विमानतळावरून उडत होती. शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला, काही लाख लोक सीमा ओलांडून इथिओपियात गेले, तर मृतांची संख्या सुमारे ५०,००० असल्याचा अंदाज मानवाधिकार निरीक्षकांनी मांडला.

पुढल्या वर्षी हा कहर राजधानीत पोहोचला. ९ जुलै १९८९ रोजी मोगादिशूचे कॅथलिक बिशप साल्वातोरे कोलोम्बो यांची हत्या झाली. १४ जुलैच्या शुक्रवारी नमाजानंतर निदर्शने झाली, तेव्हा सैन्याने गोळीबार केला. त्यानंतर दोनच दिवसांनी, रात्री घराघरांतून उचललेल्या सुमारे ४७ पुरुषांना शहराबाहेरील जसीरा किनाऱ्यावर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतील बहुतेक इसाक होते. याच पार्श्वभूमीवर जाहीरनामा लिहिला गेला.

सह्या करणाऱ्यांत देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आदन अब्दुल्ले उस्मान, पोलीस दलाचे माजी प्रमुख मोहम्मद अब्शीर मूसे, संसदेचे माजी सभापती शेख मुख्तार मोहम्मद हुसेन आणि हॉटेल-व्यावसायिक अली महदी मोहम्मद यांचा समावेश होता. जुने राजकारणी, व्यापारी, धर्मज्ञ आणि कुळांचे ज्येष्ठ, असा तो मेळ होता. १९६७ ची निवडणूक हरल्यावर आदन अब्दुल्ले यांनी शांतपणे पद सोडले होते. तोच माणूस आता वीस वर्षांहून अधिक काळ खुर्ची न सोडणाऱ्याला वाटाघाटींना बसा असे सांगत होता, त्यामुळे या सहीला नैतिक वजन होते. हे सारे लोक परदेशात किंवा बंडखोरांच्या तळावर नव्हते. ते राजधानीतच, गुप्तचरांच्या हाताशी राहत होते. ११४ नावे एकत्र आली ती एकट्या-दुकट्याला उचलणे सोपे होऊ नये म्हणूनही असेल. ती वेगवेगळ्या कुळांची असल्यामुळे ‘ही एका कुळाची कागाळी आहे’, असे म्हणण्याची सोय सरकारला राहिली नाही.

बारे यांनी जून १९९० मध्ये सह्या करणाऱ्यांपैकी सुमारे ४५ जणांना अटक केली. ६ जुलै रोजी मोगादिशूच्या क्रीडांगणावर फुटबॉल सामन्यापूर्वी प्रेक्षकांनी बारे यांच्या भाषणात आरडाओरडा केला, तेव्हा अंगरक्षकांनी गर्दीवर गोळ्या चालवल्या आणि कित्येक प्रेक्षक मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच जाहीरनाम्याचा खटला उभा राहिला. न्यायालयाभोवती लोटलेली गर्दी आणि परदेशांतून आलेला दबाव यांपुढे सरकारला माघार घेऊन आरोपींना सोडावे लागले. बहुपक्षीय निवडणुकांची आश्वासने नंतर दिली गेली, पण तोवर सोमाली राष्ट्रीय चळवळ, हावियेंची संयुक्त सोमाली काँग्रेस आणि ओगादेन बंडखोरांची देशभक्त चळवळ यांनी परस्परांत समझोता केला होता. इटली व इजिप्त यांनी कैरो येथे योजलेली परिषदही भरू शकली नाही. २६ जानेवारी १९९१ च्या रात्री बारे राजधानीतून पळाले. २ जानेवारी १९९५ रोजी लागोस येथे त्यांचे निधन झाले.

जाहीरनाम्याच्या गटाने अली महदी यांना घाईने हंगामी राष्ट्राध्यक्ष जाहीर केले. बंडाचे लष्करी नेते मोहम्मद फराह ऐदीद यांना ते मान्य नव्हते. वाटाघाटीचा आग्रह धरणाऱ्यांनीच इतरांना न विचारता हे पद भरले, ही त्यांची मोठी चूक होती. मोगादिशूत आधी दारूदांना, बारे यांच्याशी संबंध असो वा नसो, केवळ कुळावरून वेचून मारले गेले, आणि नोव्हेंबर १९९१ पासून हावियेंचीच दोन उपकुळे शहर वाटून लढू लागली.

या साऱ्याची सर्वांत मोठी किंमत ज्यांच्याकडे सैन्य नव्हते त्यांनी चुकवली. मोगादिशूच्या हमरवेन वस्तीतील आणि ब्रावा बंदरातील बेनादिरींची घरे लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले आणि हजारो लोक होड्यांतून केनियाच्या किनाऱ्याला लागले. बांतूंच्या जमिनी बळकावल्या गेल्या. बैदोआच्या आसपास दिगिल-मिरिफ्ले शेतकरी ज्वारी जमिनीतील पेवांत साठवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या फौजांनी ती पेवे उकरून रिकामी केली आणि १९९२ चा दुष्काळ तिथेच सर्वाधिक भीषण झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय सैन्याची ब्रिगेड याच भागात तैनात होती. अभय देणारा जुना नियम कोणीच पाळला नाही, कारण भरपाई मागायला दारात उभे राहील असे कुळ या लोकांच्या मागे नव्हते.

उत्तरेत निराळे घडले. तेथील कुळांच्या ज्येष्ठांनी बुराओ (१९९१) आणि बोरामा (१९९३) येथे प्रदीर्घ बैठका घेऊन आपसांतील लढाया मिटवल्या, आणि ज्येष्ठांच्या सभेला, म्हणजे गुर्तीला, १९९१ मध्ये स्वतःला स्वतंत्र जाहीर केलेल्या या उत्तर भागाच्या, म्हणजे सोमालीलँडच्या, विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह म्हणून स्थान मिळाले. अर्थात गाबोये म्हणवल्या जाणाऱ्या कारागीर समूहांची उपेक्षा तेथेही संपली नाही.

दक्षिणेत २००० साली जिबूतीतील आर्ता परिषदेत ‘साडेचार’चे सूत्र स्वीकारले गेले. त्यानुसार दिर (त्यातच इसाक धरून), दारूद, हाविये आणि दिगिल-मिरिफ्ले यांना प्रत्येकी एक वाटा आणि उरलेल्या सर्व अल्पसंख्य समूहांना मिळून अर्धा वाटा ठरला. २००४ च्या २७५ सदस्यांच्या संसदेत याचा अर्थ प्रत्येक मोठ्या कुळाला ६१ आणि अल्पसंख्यांना ३१ जागा असा झाला. अल्पसंख्यांची खरी लोकसंख्या कोणी मोजलेलीच नसल्यामुळे हा अर्धा वाटा कशाच्या आधारे ठरला, हा त्यांच्या नेत्यांचा प्रश्न अनुत्तरित आहे. विस्थापितांच्या छावण्यांत मदत वाटताना होणारा भेदभाव, जमिनींवरील अतिक्रमण आणि आंतरकुळ विवाहांवरून होणारे हल्ले यांबद्दल या समूहांना राष्ट्राध्यक्षांकडेच दाद मागावी लागते, आणि त्या राष्ट्राध्यक्षाची निवड याच वाटणीने भरलेली संसद करत आली आहे.