माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे

"जितकी दाट झाडी तितके जास्त पक्षी, विद्यापीठातल्या पडीक माळावर झाडं लावा," हा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. हेतू चांगलाच. पण टिटवी, चंडोल, धाविक, रातवा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना गवत आणि खडी हवी. माळ झाडांनी झाकला की ते फांदीवर मुक्काम हलवत नाहीत, निघून जातात. बदल्यात मिळतात तांबट आणि दयाळ, जे आवारातल्या जुन्या झाडांवर बहुधा आधीपासून असतातच!

पडताळायचं तर भल्या सकाळी झाडी, माळ आणि तळ्याकाठी प्रत्येकी 20 मिनिटं उभं राहा, याद्या वेगळ्या लिहा. नुसती संख्या मोजू नका. कोणती नावं एकाच यादीत सापडतात ते बघा. हिवाळ्यात पुन्हा जा. स्थलांतर करून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी रात्री गवतातच, जमिनीवर झोपतात.